दिवस गेलेत आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत?

ताई, आधी एकच सांगते: घाबरून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बाळाचे हृदय, मेंदू, मणका पहिल्या 8 आठवड्यांतच घडतात. वाढलेली शुगर तेव्हाच जास्त नडते. दिवस गेल्याचे कळेल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि खानापूर असो की निपाणी, घरातली सगळी पाकिटे तायी कार्डासोबत (गरोदरपणाच्या नोंदींचे कार्ड) पिशवीत घालून दोन दिवसांत दाखवा.

इन्सुलिनची भीती सोडा. ते वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत जवळजवळ जात नाही, म्हणून तेच पहिली पसंती. मेटफॉर्मिन वार ओलांडते, तरी डॉक्टर ते बऱ्याचदा चालू ठेवतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मात्र बदलाव्याच लागतात. बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही दाखवा, त्यांतल्या काही बाळाला घातक असतात.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- फक्त उपाशीपोटी तपासणे. साधारण लक्ष्य उपाशी 95 च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या खाली. आकडे वहीत लिहा.
- इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवणे. गोठलेले फेकून द्या. न उघडलेले फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, 2 ते 8 अंशांत.
- इन्सुलिन घेऊन जेवण टाळणे, संकष्टी असली तरी. घाम, थरथर आली आणि शुगर 70 च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. कुंदा नको, त्यातल्या खव्याने साखर हळू चढते.

साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर इन्सुलिनचा डोस वाढत जातो. त्यात तुमचे काही चुकलेले नसते, वारेतली हार्मोन्स इन्सुलिनला विरोध करतात.