ती तीच वाघनखं कशावरून?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, रेडिंगला आहोत. माहेर माझं कराडचं. मुलगी तेरा वर्षांची, इयर नाइनमध्ये. जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचे, विषय निवडायचेत आणि ती इतिहासावर अडून बसलीय. तिचे बाबा आयटीत; त्यांचं म्हणणं, कम्प्युटर सायन्स घे, इतिहासानं कुणाचं पोट भरलंय? मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, घरी येऊन या दोघांमध्ये पंच होऊन बसते. त्यात शिवजयंतीला मंडळात एक प्रकार घडला. एक काका साताऱ्याला आलेल्या वाघनखांबद्दल भरभरून बोलत होते. ही मध्येच उठून म्हणाली, ‘पण ती महाराजांचीच आहेत असं म्यूझियमसुद्धा नक्की सांगत नाही.’ नंतर दोघातिघांनी मला बाजूला घेऊन सुनावलं. असला इतिहास शिकणार असेल तर नकोच, असं आता मलाही वाटायला लागलंय.

उत्तर : आधी मंडळाचं बोलू, कारण विषयनिवडीचं उत्तर त्यातच आहे.

तुमची लेक बरोबर बोलली. ती वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमची. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. आणि अफजलखानाच्या वेळी वापरली ती हीच का, याची खातरजमा करता आलेली नाही, असं म्यूझियमनं स्वतःच सांगितलंय. म्हणजे मुलीनं अगोचरपणा केला नाही, वस्तूच्या मालकानं जे सांगितलं तेवढंच सांगितलं.

आता गंमत बघा. त्या वाघनखांबरोबर एक पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा : शिवाजीनं मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट (म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला प्रतिनिधी) असताना पेशव्याच्या पंतप्रधानानं ते त्याला दिलं. हे लेकीला वाचून दाखवा आणि गप्प बसा. अफजलखान मोगलांचा कधी झाला? तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. पेशव्याचा पंतप्रधान म्हणजे कोण? पेशवा हाच मुळात पंतप्रधान. शिवाय ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट होता १८१८ ते १८२२, आणि १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण येऊन पेशवाई संपली होती. म्हणजे पेटीवर लिहिणाऱ्याला आपला इतिहास धड ठाऊक नव्हता. याचा अर्थ वस्तू खोटी, असा लगेच होत नाही हं. एवढाच होतो, की त्या मजकुरावर विसंबून चालणार नाही.

इथं लेकीला एक गोष्ट मात्र शिकवा, आणि मंडळातल्या काकांनाही चहा पाजता पाजता सांगता आली तर बघा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला. ती घटना पक्की आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. लंडनच्या पेटीतली वस्तू तीच का, हा दुसरा प्रश्न. दोन्ही एकाच दमात बोललं की ऐकणाऱ्याला वाटतं महाराजांवरच शंका घेतली. पहिलं वाक्य आधी आणि दुसरं नंतर बोलली असती, तर निम्मं वादळ उठलंच नसतं. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळलं नाही, त्यात नवल नाही. पन्नाशीतल्यांना कळू नये याचं मात्र वाटतं.

आता पोट भरण्याचं. तुमच्या यजमानांना विचारा, कोडमध्ये कुणी, कधी, कशासाठी बदल केला याची नोंद ते ठेवतात, तिला काय म्हणतात? हिस्ट्रीच ना? आणि तुम्ही वॉर्डात पेशंट आला की पहिल्यांदा काय घेता? तीच. आधीचं नीट न विचारता दिलेलं औषध कसं अंगाशी येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. थोडक्यात, घरात दोघंही इतिहासावरच जगताय. एरवी शाळा विषय गटागटानं लावते. इतिहास आणि कम्प्युटर सायन्स हे दोन एकाच गटात अडकत नाहीत ना, एवढं शाळेत विचारून घ्या. नसतील तर दोन्ही घेऊ द्या, भांडण मिटलं.

पण एक भाबडी आशा सोडा. इतिहास घेतला म्हणजे मुलीला आपली संस्कृती कळेल, असं मनात असेल तर तसं होणार नाही. शाळा कुठलं परीक्षा मंडळ घेते त्यावर आहे, पण बहुधा तिला इंग्लंडमधल्या वैद्यकाचा इतिहास, राणी एलिझाबेथ आणि हिटलरची जर्मनी शिकवतील. मराठ्यांचा ‘म’सुद्धा येणार नाही. तरी घेऊ द्या. कारण तिथं समोर एखादं पत्र किंवा व्यंगचित्र ठेवून विचारतात : हे कुणी लिहिलं, कधी, त्याचा यात काय स्वार्थ होता, यावर कितपत भरवसा ठेवाल? आपल्या नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी जे येतं, आणि आता संगणक ज्या ठामपणानं खरं-खोटं एकत्र कालवून लिहून देतो, ते बघता हा सराव तिला जन्मभर पुरेल.

मराठ्यांचा ‘म’ तुम्ही घरी शिकवा. आणि तो लंडनमध्येच आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना ईस्ट इंडिया कंपनीनं १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. आरोप काय, तर कंपनीच्या शिपायांना फितवलं आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार करून कट केला. प्रतापसिंहांच्या बाजूचं म्हणणं, कागद बनावट आहेत. ते सिद्ध करायला त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत राहिले. आपण दोन वर्षांच्या व्हिसानं कातावतो. हा माणूस तेराचौदा वर्षं तिथं टिकला, इंग्रजी शिकला, निवेदनं छापली. गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखे लोक कंपनीच्या भागधारकांच्या सभेत साताऱ्याची बाजू मांडत होते. दरम्यान १८४७ मध्ये प्रतापसिंह वारले, १८४८ मध्ये डलहौसीनं सातारा खालसा केलं. रंगोबा हात हलवत परतले. १८५७ मध्ये साताऱ्याला सतरा जणांना मृत्युदंड झाला, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगोबा स्वतः कंपनीच्या हाती कधीच लागले नाहीत.

आणखी एक काम, फुकटातलं. तुमच्या आई कराडलाच आहेत ना? लेकीला त्यांना फोन लावू द्या. पण ‘आजी, जुनं काहीतरी सांग’ असं विचारलं तर आजी ‘काय सांगू बाई’ म्हणेल आणि जेवलीस का, यावर येईल. नेमकं विचारायचं : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा तू कुठे झोपली होतीस, आधी कोण उठलं, त्यानंतर किती रात्री अंगणात काढल्या? फोनवर रेकॉर्ड करा. मग तिनं सांगितलेलं त्या वेळच्या वर्तमानपत्रांशी ताडून बघायचं. काही जुळेल, काही जुळणार नाही. जे जुळणार नाही त्यावरच लेकीचा एक रविवार मजेत जाईल. त्या भूकंपाआधी दख्खनचं पठार अगदी स्थिर समजलं जायचं. त्यानंतर देशाचे भूकंपप्रवण भागांचे नकाशे बदलले, आणि आज कराडलाच प्रयोगशाळा थाटून शास्त्रज्ञ कोयनेच्या परिसरात जमिनीत किलोमीटर-किलोमीटर खोल भोकं पाडून अभ्यास करतायत. यजमानांना हे सांगा, त्यांना आवडेल.

आणि रंगो बापूजी जिथं खेटे घालत होते ते कंपनीचं ईस्ट इंडिया हाउस लेडनहॉल स्ट्रीटवर होतं. ते पाडलं, आता तिथं लॉइड्सची ती नळ्यानळ्यांची इमारत आहे. रेडिंगहून पॅडिंग्टन, पुढे ट्यूब. रविवारी गेलात तर रस्ता मोकळा मिळेल, पण दुकानं बहुतेक बंद असतात. डबा घरून न्या.