नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाची तपासणी कोण करतं?

प्रश्न चिपळूणचा आहे: इमारतींना फायर ऑडिट लागतं, मग खुद्द दलाचं ऑडिट कोण करतं?

इंग्लंडसारखी कायमस्वरूपी स्वतंत्र यंत्रणा आपल्याकडे नाही. तिथे 2017 पासून पोलिसांची तपासणी करणाऱ्या निरीक्षणालयाकडेच अग्निशमन दलंही आली. प्रत्येक दलाचं काम परिणामकारक आहे का, पैसा आणि मनुष्यबळ नीट वापरलं जातं का, कर्मचाऱ्यांना वागणूक कशी मिळते, हे पाहून श्रेणी देतात आणि अहवाल जाहीर करतात. हुकूम सोडायचा अधिकार त्यांनाही नाही, पण जाहीर नाचक्की पुरेशी बोचते.

आपल्याकडे 74 व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन स्थानिक संस्थांच्या यादीत टाकलं. म्हणजे बंब नगरपरिषदेचा, ड्रायव्हर नगरपरिषदेचा आणि तपासणारेही बरेचदा घरचेच. एमआयडीसीचं दल तर वेगळंच. राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय आहे, पण ते सरकारचाच भाग. खरं बाहेरचं म्हणावं तर कॅग, म्हणजे सरकारी कारभाराचं लेखापरीक्षण करणारा महालेखापरीक्षक, आणि तो काही दरवर्षी तुमच्या गावात येत नाही. 2006 च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा कायद्यातलं, इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं दर जानेवारी-जुलैचं प्रमाणपत्र इमारतमालकाने द्यायचं असतं, दलाने नव्हे. इथे बरेच जण गल्लत करतात.

माझ्या मते माहिती अधिकारात अर्ज टाका. बंबाचं लॉगबुक, होज (पाण्याचे पाइप) तपासणीची नोंदवही, मंजूर आणि रिक्त पदं मागा. खाऱ्या हवेत पाइप जोडणारी कपलिंग गंजतात, त्यामुळे शेवटची प्रेशर टेस्ट कधी झाली तेही विचाराच.