बुद्धिबळाने डोकं फिरतं का हो?

प्रश्न : नमस्कार सर, मुलगा सातवीत आहे, क्लासमध्ये त्याला पॉल मॉर्फीचे डाव खेळून बघायला सांगितलेत. पण दिरांनी यूट्यूबवर बघितलं की हा मॉर्फी बुद्धिबळापायी वेडा झाला, तेव्हापासून सासूबाई पट कपाटावरून खाली काढू देत नाहीत. खरंय का हे? आणि तो वर्ल्ड चॅम्पियन होता ना?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, आधी पट खाली काढा. मॉर्फी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, जन्म १८३७. वडील जज्ज, हाही वकिलीच शिकला, पण पास झाला तेव्हा वय इतकं कमी की प्रॅक्टिस करता येईना, मग त्या मधल्या वेळात १८५७ ला न्यूयॉर्कची स्पर्धा खेळायला गेला ती जिंकूनच आला आणि पुढच्या वर्षी थेट युरोप. तिथला तेव्हाचा दादा खेळाडू जर्मनीचा अँडरसन, त्याला पॅरिसमध्ये हरवलं, ७ डाव जिंकले, २ हरला, २ बरोबरीत. वय २१! चॅम्पियन म्हणाल तर लोक मानायचे, पण ऑफिशियल टायटल १८८६ ला आलं, स्टाइनिट्झ पहिला, तोवर मॉर्फी वारलाही होता.

आता वेडाचं. १८५९ ला घरी परतला आणि सिरियस खेळणं त्याने जवळपास सोडूनच दिलं. मग १८६१ ला तिकडे यादवी युद्ध पेटलं, वकिली कधी चाललीच नाही, आणि लोक आपल्या वाईटावर आहेत हा संशय डोक्यात बसला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे खेळ सुटल्यावर हो! ४७ व्या वर्षी आंघोळ करताना गेला बिचारा. मला विचाराल तर बुद्धिबळापेक्षा त्या न चाललेल्या वकिलीनेच त्याला जास्त खाल्लं असणार.

मुलाला १८५८ चा ऑपेराचा डाव लावायला सांगा. पॅरिसच्या ऑपेरा हाऊसमध्ये समोर एक ड्यूक आणि एक काउंट, दोघं मिळून एकट्या मॉर्फीविरुद्ध, आणि १७ चालींत मात. काळ्यांचा राजाकडचा हत्ती आणि उंट शेवटपर्यंत घरातून हललेसुद्धा नाहीत, इकडे मॉर्फीची एकूण एक सोंगटी कामाला लागलेली. सोळाव्या चालीला तो सरळ वजीर देऊन टाकतो, घोड्याला तो मारावाच लागतो, की लगेच हत्ती खाली जाऊन मात, मागून उंटाचा जोर. सासूबाईंना शेजारीच बसवा, वजीर जाताना त्याच आधी ओरडतील बघा.