पावणेदोन वर्षांचं मूल घेऊन गावच्या ईदला जायचं, तर काय तयारी करावी?

तुम्ही विचारलंय की सासरी, गावाला, पंचवीस-तीस माणसांत ईद करायची आहे, मूल पावणेदोन वर्षांचं आहे, तर त्याचं खाणं-झोपणं कसं सांभाळायचं आणि सोबत काय न्यायचं. सामानाचं तुम्हाला कळतंच, दीड वर्षं मूल सांभाळलंय तुम्ही. मी एकच गोष्ट सांगायला आले आहे. ईदच्या सकाळी मूल बापाकडे द्या. नमाजला जाताना त्यालाच न्यायला लावा.

आमचं सासर खेडजवळ, जगबुडीच्या काठावर. एकाच वाडीत चार चुली, सगळे सख्खे-चुलत. पुरुषांची ईद सकाळी सुरू होते आणि बायकांची रात्री, भांडी झाली की. चांदरातीला चांद दिसल्याची बातमी आली की पुरुष मशिदीकडे, बाजाराकडे, फोनकडे. बायका सांदणांच्या, म्हणजे उकडलेल्या तांदळाच्या वड्यांच्या, पिठाकडे. तांदूळ वाटून, नारळाचं दूध आणि यीस्ट घालून ते ठेवायचं आणि फुगतंय का म्हणून रात्रभर झाकण उचलून बघायचं. मटणाचा मसाला, शीरखुर्म्याची खारीक भिजत घालणं, मेवा चिरणं. मग पहाटे उठून सगळ्या पोरांच्या आंघोळी. पुरुषाला काय हवं? इस्त्रीचा कुर्ता, अत्तर, तोंडात टाकायला तीन खजूर. तेही हातात द्यायचे.

नमाज तशी अर्ध्या तासाची. पण नमाजनंतर खुत्बा, म्हणजे इमामांचं प्रवचन, खुत्ब्यानंतर गळाभेटी, मग कबरस्तानात गेलेल्यांसाठी फातिहा पढणं, मग घरोघर ईद मिळायला. घरी परत येतात तेव्हा जेवायची वेळ झालेली असते, आणि येताना चार पाहुणे सोबत. या सगळ्या वेळात मूल कुणाच्या कडेवर? ज्या बाईचे दोन्ही हात उकळत्या दुधाच्या पातेल्यापाशी अडकलेत, तिच्या. भाजण्याचे प्रसंग याच वेळी घडतात आणि मग सगळे म्हणतात, आईचं लक्ष कुठे होतं.

मुलगी तान्ही होती त्या ईदला मी हे सगळं केलं. मागच्या खोलीत दूध पाजत बसले तर बाहेरून हाका, बाहेर आले तर ती रडते. थोरल्या नणंदबाईंनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "एवढं एक मूल जड झालं होय? आम्ही दोन-दोन कडेवर घेऊन सांदणं उकडली." उकडली असतील. त्या काळी त्यांच्या अम्मी आणि दादी दोघी धडधाकट होत्या हे त्या सांगत नाहीत.

2024 ची ईद लक्षात असेल तुमच्या. 29 व्या रोजाला चांद दिसला नाही, पूर्ण 30 झाले. माझा दीर कुवेतला, त्याची ईद बुधवारी 10 एप्रिलला होऊन गेली, आमची गुरुवारी 11 ला. बुधवारी तो व्हिडिओ कॉलवर शीरखुर्मा दाखवतोय आणि इकडे आमचा रोजा. पण त्याच कॉलमध्ये मी एक गोष्ट पाहिली. त्याचा मुलगा, माझ्या मुलीहून चार महिन्यांनी मोठा, बापासोबत नमाज पढून आला होता. तिकडे सासू नाही, नणंद नाही, म्हणून बाप नेतो. म्हणजे जमतं. मी नवऱ्याला त्या रात्रीच सांगून ठेवलं, उद्या पोरगी तुमच्याबरोबर. ते "बघू" म्हणाले. पुरुषाचं "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

सकाळी तिला न्हाऊ-माखू घातलं, हिरवा फ्रॉक, नवी सँडल, नवीन डायपर, आणि ओटीवर सगळे पुरुष निघायच्या बेतात असताना नेऊन यांच्या हातात दिली. मुद्दाम सगळ्यांसमोर. एकटं गाठून दिली असती तर परत आली असती.

मोठे चुलत सासरे, त्यांना आम्ही चाचा म्हणतो, त्यांनी काठी टेकली. "पोरीला कुठे नेतोस? कपडे खराब करील, नमाज जाईल सगळ्यांची." आमच्याकडे चाचांसमोर सुना बोलत नाहीत. मीही आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "चाचा, उमामा कोण होत्या?"

त्यांना माहीत होतं, गावातल्या मुलांना कुराण शिकवण्यात त्यांची उमर गेली आहे. तुमच्याकडे कुणी आडवं आलं तर म्हणून लिहून ठेवते. उमामा म्हणजे प्रेषितांची नात, त्यांच्या लेकीची, जैनब यांची मुलगी. तिला खांद्यावर घेऊन प्रेषितांनी जमलेल्या लोकांना नमाज पढवली. सजद्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकायला, जाताना खाली ठेवायचे, उभे राहिले की परत उचलून घ्यायचे. हदीस म्हणजे प्रेषितांच्या आठवणी, आणि बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही ग्रंथांत ही आहे. आणि नात होती, नातू नव्हे. नमाजात कुणाचं मूल रडताना ऐकू आलं की आईच्या जिवाला घोर नको म्हणून ते नमाज आटोपती घ्यायचे, हीही हदीस आहे. म्हणजे मशिदीत मुलं रडत होती आणि त्यांच्या आयाही तिथेच होत्या. उम्मे अतिय्या यांच्या हदीसप्रमाणे तर ईदला बायकांना बाहेर पडायलाच सांगितलं होतं, पाळी चालू असलेल्यांनाही. त्यांनी नमाजाच्या जागेपासून बाजूला थांबून दुआत सामील व्हायचं. आमच्या गावात बायका ईदगाहवर, म्हणजे ईदच्या नमाजच्या मैदानावर, जात नाहीत. तो वाद मी सध्या ठेवून दिलाय, एका ईदला एकच काढायचा.

चाचा काही बोलले नाहीत. बोलल्या त्या दादी, माझ्या आजेसासू, आत पलंगावरून. "ने रे तिला. तुला नाही का नेला तुझ्या बापाने, आणि तू तिथे खजूर ओकलास." सगळे हसले. यांचे कान लाल. निघाले घेऊन.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण पाच जणांकडून ऐकलंय आणि पाचही वर्णनं जुळतात. हे शेवटच्या रांगेत उभे राहिले, कडेला, म्हणजे गरज पडली तर निघता येईल. पोरीला शेजारी मुसल्यावर, नमाजच्या चटईवर, बसवली. आम्ही कोकणी लोक शाफई पंथाचे, आमच्यात ईदच्या नमाजला पहिल्या रकातीत (नमाजच्या फेरीत) सात जादा तकबीर, म्हणजे "अल्लाहु अकबर" म्हणणं, आणि दुसऱ्या रकातीत पाच. (हनफी पंथाचे असाल तर तुमच्याकडे तीन-तीन.) प्रत्येक तकबीरला सगळे हात वर करतात, तशी ती पण करायला लागली, आणि सात झाल्यावर सगळे थांबले तरी ही थांबेना. मागे बसलेली पोरं खिदळायला लागली. नमाज कुणाचीही गेली नाही. खुत्बा सुरू झाला तशी ती बापाच्या मांडीवर झोपली.

त्या वेळात मी दोन शीरखुर्मे उकळले, सांदणांचे तीन घाणे काढले, आंघोळ केली, नमाज पढले आणि खुर्चीवर बसून चहा प्यायले. ईदच्या सकाळी खुर्चीवर बसून चहा! नणंदबाई बघत होत्या. बघू दे.

आणि हे जेवणाच्या वेळेच्या कितीतरी आधी घरी परत. कारण सोपं आहे, कडेवर मूल असलं की दहा घरी गप्पा मारत बसता येत नाही. तीन घरी गेले, ती "दुदू" म्हणून रडायला लागली, आले. त्या तीन घरांत तिला ईदी, म्हणजे ईदचे पैसे, मात्र जोरात मिळाली. 2025 ला, 31 मार्चच्या ईदला, दोन जावांनीही आपापली पोरं ओटीवर नेऊन दिली. चाचांनी स्वतः एकाचं बोट धरलं. नणंदबाईंच्या सुनेने आपला मुलगा दिला तेव्हा त्या घरातच होत्या, काही म्हणाल्या नाहीत. हे उत्तर त्या वाचत असतील तर, आपा, मूल मला जड नव्हतं, सकाळ जड होती.

तुमच्या प्रश्नातलं राहिलेलं आता भराभर.

शीरखुर्मा पहिल्यांदा तुम्ही वाढून घ्या, बाळाचा वेगळा, मेव्याची पूड घातलेला. बदाम-काजूचे तुकडे चार-पाच वर्षांपर्यंत घशात अडकू शकतात, आणि प्रत्येक मावशी-फुफी प्रेमाने चमचा भरवणार. "एकच चमचा" असं सात जणी म्हणतात. सुरमा घालू देऊ नका. बाजारातल्या कित्येक सुरम्यांमध्ये शिसं निघालेलं आहे, मुलांना ते फार वाईट. इथे कुणाची भीड धरू नका, अम्मींनी मनाला लावून घेतलं तरी चालेल. अत्तर कपड्याला, कातडीला नको. जाळीदार, चमकी लावलेले कपडे नमाजपुरते, आल्या आल्या सुती झबलं. एप्रिल-मेमध्ये ईद आली तर कोकणातला उकाडा मोठ्यांना सोसत नाही. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते म्हणून आता जरा सुसह्य आहे.

फितरा, म्हणजे ईदला गरिबांना द्यायचं दान, बाळाचाही द्यायचा, नमाजच्या आधी, हे बाप लोक विसरतात. ईदीचे पैसे तुमच्याच पर्समध्ये. घरात दुसऱ्यांच्या पोरांना द्यायला सुटे कमी पडले की तिच्या पाकिटातून घ्यायची पद्धत आमच्याकडे होती. ती मी बंद केली, पण त्यावर वेगळं उत्तर होईल.

डायपरबद्दल एक राहिलंच. शाफई नियमाप्रमाणे नमाजात मूल उचलून घ्यायचं तर ते पाक हवं, ओला डायपर घेऊन नमाज होत नाही. म्हणून निघतानाच बदला आणि नवऱ्याला सांगा, कडेवर न घेता शेजारी बसवा. मूल आजारी असेल, ताप असेल, किंवा तुमच्या गावची ईदगाह रस्त्याला लागून असेल तर नेऊ नका, माझा हट्ट तुमच्यावर लादू नका. बकरी ईदचं गणितही निराळं, तेव्हा कुर्बानीच्या वेळी बाळ आत, बापाचे हात कामात, ते तुम्हालाच बघावं लागेल. नवरा मनाने चांगला पण लाजरा असेल तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फितवा. आमच्याकडे दादी नसत्या तर उमामांचा दाखलाही ओटीवरच राहिला असता.

परतीचा प्रवास ईदच्या रात्री ठेवू नका, बाशी ईदला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, दुपारी निघा. कशेडी घाटाला बोगदा झाल्यापासून पोरांच्या उलट्या कमी झाल्यात, तरी पुढच्या सीटमागे पिशवी असू दे.

झोपेचं विचारलंत. दुपारी झोपणार नाही. पंचवीस माणसांच्या घरात कुणाचंच पोर झोपत नाही, संध्याकाळी सहाला कुणाच्या तरी मांडीवर आडवं होतं आणि रात्री अकराला उठून खेळतं. ती पाळी पण वाटून घ्या.