सहा बेडरूमचं घर, पण सुट्टी कुणाची?

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून पत्र आलंय. लिहिणारा मूळ नौपाड्याचा, म्हणजे आमच्याच भागातला, त्यामुळे सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस. त्याने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला एक मोठं घर बघून ठेवलंय. "सहा बेडरूम, मोठा डेक, समोर तलाव, काकू, बघताच क्षणी तलावपाळी आठवली," असं लिहितो. आठवणारच रे, मासुंद्याच्या कट्ट्यावर भेळ खात मोठे झालेलो आपण, ठाणेकराला पाणी दिसलं की दोन मिनिटं थांबावंसंच वाटतं. घराला माझा विरोध नाहीये. पत्रात लोन, टॅक्स, आई-बाबा, भाडं असं बरंच काय काय विचारलंय, पण मी अडकले ती एकाच वाक्यावर. "दर वीकेंडला सगळी मित्रमंडळी बोलवता येतील, बायकोलाही चेंज मिळेल."

कसला चेंज? इथल्या किचनऐवजी तिथलं किचन?

वाचणाऱ्यांना माहितेय माझं हे नेहमीचं आहे, तरी परत सांगते. आपल्या डोक्यात सुट्टीचं घर म्हटलं की लोणावळ्याचा बंगला येतो. तिथे माळी असतो, माळ्याची बायको असते, आदल्या दिवशी फोन केला की चादरी बदललेल्या, पिठलं-भाकरी, ठेचा तयार, आणि आपण जाऊन नुसते पाय पसरायचे. (तिथेही राबते बाईच, फक्त तिला पगार मिळतो.) तुझं लेक जिनिव्हा तरी काय वेगळं होतं? 1871 मध्ये शिकागोला मोठी आग लागली, त्यानंतर तिथले गडगंज लोक या तलावाकाठी येऊन राहू लागले, त्यांनी वाडे बांधले, पण ते वाडे चालवायला स्वयंपाकी, माळी, मोलकरणी असा सगळा लवाजमा असायचा. तू वाडा घेतोयस, लवाजमा कुठाय? लवाजमा म्हणजे तुझी बायको, जी सोमवार ते शुक्रवार स्वतःची नोकरी करते असं तूच लिहिलंयस.

माझी धाकटी जाऊ मिशिगनला असते, त्यांचं असंच तलावाकाठी घर आहे. मी आणि हे न्यू जर्सीला होतो तेव्हा चार जुलैला तिकडे गेलो होतो, एकूण चौदा माणसं. तिथे इलेक्ट्रिक कॉइलची शेगडी, फुलका काही फुगेना, म्हणून ही बिचारी प्रत्येक पोळी तव्यावरच फडक्याने दाबून दाबून भाजत होती, मागे ड्रायरमध्ये टॉवेलांचा तिसरा घाणा, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी ओल्या वाळूच्या पायांनी आत येऊन "चहा टाकतेस का गं?" आमचे भावजी डेकवर ग्रिलपाशी उभे, कणसं भाजत होते, पाच-सहा कणसं असतील, आणि सगळा गोतावळा त्यांचं कौतुक करत होता की काय करतोस रे तू! रविवारी पाहुणे गेले, मग चादरी काढा, फ्रिज रिकामा करा, कचरा गाडीत घाला. ती मला म्हणाली, सोमवारी ऑफिसात जाऊन बसते ना वहिनी, तेव्हा कुठे माझी सुट्टी सुरू होते.

आणि हे झालं उन्हाळ्याचं. हिवाळ्यात तो तलाव गोठतो, त्याआधी बोट बांधायचा धक्का पाण्यातून काढून ठेवायचा, घर रिकामं असलं तरी हीटिंग चालू ठेवायचं, नाहीतर पाइप फुटून सगळ्या घरात पाणी, बर्फ काढायला माणूस लावायचा. ही सगळी माणसं मिळतात, पैसे टाकले की मिळतात, पण प्लंबरचा फोन कुणाच्या नंबरवर येणार ते आत्ता ठरव. कागदावर तूच यादी लिही, तिला लिहायला लावू नकोस, आणि प्रत्येक कामापुढे नाव टाक. दर फेरीनंतर साफसफाईला येणाऱ्या बाईचे पैसे घराच्या हप्त्यातच धर, ते "नंतर बघू"वाले खर्च नव्हेत. त्याआधी एवढंच मोठं घर तिथेच आठवडाभर भाड्याने घे, मंडळींना बोलव, आणि आठवडाभर किचन तू सांभाळ. कोथिंबिरीपासून सगळं कूलरमध्ये भरून न्यायचंही तूच. मग मला सांग सहा बेडरूम हव्यात की तीन पुरतात. मला विचारशील तर तीन. पाहुण्यांना हॉटेलं आहेत की गावात. आणि तलावाभोवती जवळजवळ 21 मैलांची पायवाट आहे, थेट त्या कोट्यधीशांच्या हिरवळींवरून जाते आणि सगळ्यांना खुली आहे, तिच्यावर चालायला स्वतःचं घर असावं लागत नाही.

बाकीचं भराभर सांगते. सुट्टीच्या घराचं लोन राहत्या घरापेक्षा महागच पडतं, तयारी ठेव. स्वतः वापरत असलेलं घर वर्षात 15 दिवसांपेक्षा कमी भाड्याने दिलंस तर त्या भाड्यावर फेडरल टॅक्स लागत नाही, त्याहून जास्त द्यायचं असेल तर गावाचे लायसन्सचे नियम आधी विचार. सांडपाण्याची सेप्टिक टाकी असेल तर ती बेडरूमच्या हिशोबाने बांधलेली असते, तिच्यावर वीस माणसं लोटू नकोस. घर महिनोन्महिने बंद राहणार असेल तर इन्शुरन्सवाल्याला आधीच सांग. आई-बाबांना व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात, येऊ देत की, पण त्यांना तिथे एकटं सोडून तुम्ही कामावर परत येणार असाल तर नको, गाडीशिवाय ते दुधालाही बाहेर पडू शकणार नाहीत. आणि बाबांचा पाचपाखाडीचा फ्लॅट विकून डाऊन पेमेंट करायचं? भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात हे खरंय, म्हणून पाठवायलाच पाहिजेत असं नाही. ते राहतात त्यात. विषय संपला.

सागवानी झोपाळा इथून पाठवून डेकवर लावू का म्हणतोस, लाव ना, मस्त दिसेल. फक्त थंडीत तो आत घ्यावा लागेल आणि उचलायला दोघं लागतात, तेव्हा दुसरा माणूस कोण तेही त्या यादीत लिही.