मेडिकेअर असताना असिस्टेड लिव्हिंगचे पैसे कोण भरणार?

प्रश्न: आत्या अमेरिकेत असते, तिला मूळ मेडिकेअर (थेट सरकारकडून मिळणारा, मुख्यतः ज्येष्ठांचा आरोग्य विमा) आहे. असिस्टेड लिव्हिंगचा (रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासाचा) खर्च त्यातून निघेल का?

उत्तर: नाही. उपचारांचे पैसे मिळतात; राहणं, जेवण, आंघोळ-कपड्यांची मदत यांचे नाहीत. सलग 3 दिवस ‘इनपेशंट’ (इस्पितळात रीतसर दाखल) राहिल्यावर नर्सिंग फॅसिलिटीतले कुशल उपचार (परिचारिका, थेरपिस्ट यांचे) मिळू शकतात, तेही कमाल 100 दिवस; 21व्या दिवसापासून रोजची ठरावीक रक्कम स्वतः भरायची. फसगत इथेच होते. रात्री इस्पितळातच काढल्या, पण नोंद ‘ऑब्झर्व्हेशन’ची (दाखल न करता देखरेखीखाली ठेवल्याची) असेल, तर ते दिवस धरत नाहीत. नोंद कोणती, हे रोज विचाराच.

मिळकत-मालमत्ता कमी असल्यास मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेसाठी अर्ज करा. अनेक राज्यांत तिच्या ‘वेव्हर’मधून (नर्सिंग होमबाहेरच्या देखभालीसाठीची खास सवलत) देखभालीचा खर्च मिळतो, खोलीभाडं मात्र नाही. प्रतीक्षायादी असू शकते, म्हणून लवकर विचारा. आणि घाईने मुलांच्या नावे पैसे करू नका: मेडिकेड देताना बहुतेक राज्यांत मागच्या 5 वर्षांतले असे व्यवहार तपासतात.