पहिली फेरी वढवाण्याला

पक्षी बघायला सुरुवात करतोयस, तर गीरचं बुकिंग नंतर कर. वडोदऱ्यात राहतोस ना, मग आधी डभोईजवळचा वढवाणा तलाव बघ. गायकवाडांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, 2021 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आत पोच, 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. सूर्य पाठीशी ठेव, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील.

पट्टकादंब हा रानहंस ओळखायला सोपा: पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा आहे तो! चरणारे पक्षी माना उंचावून तुझ्याकडे बघू लागले की तिथेच थांब. मी एकदा फोटोसाठी चार पावलं जास्त टाकली आणि अख्खा थवा उठला; अजून मनाला लागतं ते.

जांबुघोड्याच्या अभयारण्यात नंतर मी नेईन.